दहाच्या वर्तुळाचे वाचन

५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती गोपीचंद स्वामी हिने महिलांच्या कंपाउंड प्रकारात वैयक्तिक सुवर्णपदक जिंकले. त्या वेळी तिचे वय १७ वर्षे होते. वरिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली भारतीय तिरंदाज. उपांत्य फेरीत तिने ज्योती सुरेखा वेन्नम या आपल्याच ज्येष्ठ सहकारी खेळाडूला १४९-१४५ असे हरवले आणि अंतिम फेरीत मेक्सिकोच्या आंद्रेया बेसेरा हिला १४९-१४७ असे.

या विजयाचे मराठीत भरपूर कौतुक झाले. मात्र त्या कौतुकातून आज आपल्या स्मरणात नेमके काय उरले आहे, हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारून पाहावे. उसाच्या शेतातले सरावाचे मैदान उरले आहे, शाळेत गणित शिकवणारे वडील उरले आहेत, लहान गावातली मुलगी आणि तिचे मोठे स्वप्न उरले आहे. १४९ हा आकडा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. तो आठवला तरी त्याचा अर्थ काय, हे सांगता येत नाही. ज्या कृतीमुळे अदिती स्वामी हे नाव आपल्यापर्यंत पोहोचले, ती कृतीच आपल्या वाचनातून गळून पडली आहे.

आम्ही सातारा-सांगली परिसरात मराठी साहित्य शिकवतो. खेळाचे जाणकार असल्याचा आमचा दावा नाही. तरीही हा विषय आम्हांला आमच्या कक्षेतला वाटतो, कारण तो मुळात वाचनपद्धतीचा प्रश्न आहे. एखादी कृती समोर असताना तिच्याऐवजी कर्त्याचे चरित्र वाचत बसणे, हा दोष मराठी समीक्षेला चांगला परिचयाचा आहे. साहित्यात तो आपण ओळखतो आणि विद्यार्थ्यांनाही दाखवून देतो. खेळाडू स्त्रियांविषयी लिहिताना मात्र तोच दोष आपल्याला गुणासारखा वाटू लागतो.

म्हणून आधी कृती पाहू. कंपाउंड प्रकारात लक्ष्य ५० मीटर अंतरावर असते. पूर्ण लक्ष्यफलकाचा व्यास ८० सेंटीमीटर असतो आणि त्यातल्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास अवघा ८ सेंटीमीटर, म्हणजे आमटीच्या लहान वाटीच्या तोंडाएवढा. या धनुष्याला दोन टोकांना चाके असतात. दोरी पूर्ण ताणली गेली की चाकांच्या रचनेमुळे हातावरचा भार बराच कमी होतो आणि नेम धरायला अवधी मिळतो. नेमासाठी भिंग असते आणि दोरी बोटांनी न सोडता एका कळीने सोडायची असते. इतकी साधने हाताशी असल्यामुळे हा प्रकार सोपा आहे, असा एक समज आढळतो. वस्तुतः साधन जितके अचूक, तितकी माणसाच्या चुकीला लपायला जागा कमी. श्वास, खांदा, कळीवरचा अंगठा यांतली किंचित चलबिचलही ५० मीटरवर दिसते.

सामना १५ बाणांचा असतो. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या होतात आणि कमाल गुण १५०. समोरासमोरच्या लढतीत दोघी आळीपाळीने बाण सोडतात आणि प्रत्येक बाणासाठी २० सेकंद मिळतात. ऑलिंपिकमध्ये आजवर दिसलेल्या रिकर्व्ह प्रकारात संचपद्धती असते. तेथे एक संच बिघडला तरी पुढचा कोऱ्या पाटीवर सुरू होतो. कंपाउंडमध्ये गुणांची बेरीज होत जाते, त्यामुळे एकदा आलेला नऊ शेवटपर्यंत पुसला जात नाही.

आता १४९ हा आकडा पुन्हा वाचू. १५ बाणांत १४९ गुण एकाच रीतीने होऊ शकतात : चौदा दहा आणि एक नऊ. उपांत्य आणि अंतिम असे दोन्ही सामने एकत्र घेतले, तर ३० बाणांपैकी २८ बाण त्या वाटीएवढ्या वर्तुळात गेले आणि उरलेले दोन त्याच्या लगतच्या कड्यात. पराभूत झालेल्या बेसेरानेही किमान १२ बाण दहाच्या वर्तुळात मारले होते. तिचा खेळ कोसळला नव्हता. एवढ्या उंचीवर केवळ दोन गुणांनी ती मागे पडली. ही लढत कोणत्या पातळीवर झाली, हे आकड्यांतून असे स्पष्ट दिसते. 'साताऱ्याच्या लेकीने इतिहास घडवला' या वाक्यातून यांपैकी काहीही कळत नाही.

आकड्यांच्या वाचनाचा आणखी एक लाभ असा की, 'सुवर्ण' या एकाच शब्दाखाली झाकलेल्या निरनिराळ्या कृती वेगळ्या दिसू लागतात. अदिती, ज्योती सुरेखा वेन्नम आणि परनीत कौर या तिघींच्या संघाने बर्लिनमध्ये मेक्सिकोला २३५-२२९ असे हरवले. जागतिक तिरंदाजी स्पर्धेतले ते भारताचे पहिले सुवर्ण. त्याच वर्षी हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत याच तिघींनी चायनीज तैपेईला २३०-२२९ असे नमवले. पुढच्या वर्षी शांघायच्या विश्वचषकात त्यांनी इटलीवर २३६-२२५ अशी मात केली. सांघिक सामन्यात २४ बाण आणि २४० गुण असतात. तिन्ही वेळा पदकाचा रंग एकच होता. पण शांघायची लढत एकतर्फी झाली, बर्लिनची निर्विवाद होती आणि हांगझोऊची एका गुणावर तोलली गेली. हांगझोऊमध्ये संघाचे गुण बर्लिनपेक्षा पाचने घसरले होते, तरीही तो जिंकला. शेवटचे तीन बाण हातात असताना त्या तिघींच्या मनावर काय ताण असेल, याची कल्पना २३०-२२९ या आकड्यांवरून करता येते. बातमीत केवळ 'आणखी एक सुवर्ण' असे छापले की तीन वेगळे पाठ एकसारखे होऊन जातात.

वैयक्तिक खेळाचा आलेखही असाच पाहावा लागतो. जून २०२३ मध्ये कोलंबियातील मेदेयीन येथे पात्रता फेरीत अदितीने ७२ बाणांत ७२० पैकी ७११ गुण मिळवून १८ वर्षांखालील गटाचा जागतिक विक्रम केला. ही सरासरी प्रत्येक बाणामागे ९.८७५ येते. बर्लिनच्या १४९ गुणांची सरासरी ९.९३ आहे. मोठ्या सामन्याच्या दडपणाखाली तिची अचूकता घसरली नाही, उलट किंचित वाढली. हांगझोऊमध्ये ती उपांत्य फेरीत ज्योतीकडून हरली आणि कांस्यपदकाच्या लढतीत इंडोनेशियाच्या प्रतिस्पर्ध्यावर १४६-१४० अशी जिंकली. बर्लिनहून हे तीन गुण कमी. खेळाच्या या शिखरावर साऱ्या चढउतारांचा पट अवघ्या तीन-चार गुणांचा असतो. कमाल मर्यादा जवळ आली की फरक दहांच्या संख्येत शोधण्यापेक्षा एखाद्या नऊमध्ये शोधावा लागतो. तो नऊ कितव्या बाणाला आला आणि त्यानंतरचा बाण कुठे गेला, हा वृत्तान्ताचा गाभा असायला हवा.

येथे मर्ढेकरांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातलेच मर्ढे, हा योगायोग तूर्त बाजूला ठेवू. 'सौंदर्य आणि साहित्य' या १९५५ च्या ग्रंथात त्यांनी कलाकृतीच्या अंतर्गत रचनेला केंद्रस्थानी आणले आणि संवाद, विरोध, समतोल या लयतत्त्वांची मांडणी केली. तिच्यावर आक्षेप घेणाऱ्यांनीही एक गोष्ट सहसा नाकारली नाही : कृतीचे मोल ठरवायचे तर आधी कृतीकडे पाहावे लागते. १५ बाणांचा सामना ही काही कविता नव्हे, हे आम्ही जाणतो. पण एकाच हालचालीची पंधरा वेळा होणारी आवृत्ती, त्या आवृत्तीत मध्येच पडणारा भेद आणि भेदानंतर पुन्हा साधलेला समतोल यांकडे लयीच्या दृष्टीने पाहता येते. तसे पाहण्याची सवय आपल्याला नाही, इतकेच.

ही सवय का नाही, याचे एक कारण भाषेत आहे. आमच्या या दोन जिल्ह्यांत कुस्ती पिढ्यान् पिढ्या वाचली जाते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळवले, ते स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. सांगली जिल्ह्यातल्या कवठेपिरानचे मारुती माने १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. या मल्लांच्या गरिबीच्या गोष्टी लोक सांगतात, त्याचबरोबर त्यांचे डावही सांगतात. ढाक, कलाजंग, घिस्सा, मोळी, एकलंगी हे शब्द जत्रेतल्या फडाच्या कडेला बसलेल्या शेतकऱ्याच्या तोंडी असतात. कोणता डाव कधी पडला आणि कुठे फसला, यावर चार दिवस पारावर वाद रंगतो. तो शेतकरी खऱ्या अर्थाने कृतीचा वाचक आहे, आणि त्याच्या भाषेने त्याला तसे घडवले आहे.

क्रिकेटमध्येही हे घडले आणि तेथे त्याचा लाभ एका स्त्रीला मिळाला. सांगलीच्या माधवनगरात वाढलेल्या स्मृती मानधनाने २० सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत ऑस्ट्रेलियाविरुद्ध ५० चेंडूंत शतक काढले, तेव्हा चर्चा तिच्या कव्हर ड्राइव्हची, चेंडूंच्या हिशेबाची, पाठलाग करताना तिने राखलेल्या गतीची झाली. तो सामना भारत हरला, तरी ६३ चेंडूंतल्या १२५ धावा स्वतंत्रपणे वाचल्या गेल्या. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईत भारताने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या स्पर्धेतल्या तिच्या ४३४ धावा लोकांना ठाऊक होत्या. सांगलीकर म्हणून आम्हांला अभिमान वाटतो हे खरे, पण तिला केवळ 'सांगलीची लेक' म्हणून थांबता येत नाही, कारण पुरुषांच्या क्रिकेटमुळे मराठीत रुळलेली शब्दसंपदा तिच्या फलंदाजीसाठी आयती उपलब्ध होती.

तिरंदाजीपाशी अशी शब्दसंपदा संपते आणि तेथून चरित्र सुरू होते. धावण्याचेही तसेच झाले. माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोहोचली. १९८४ च्या पी. टी. उषानंतर धावपट्टीवरच्या वैयक्तिक शर्यतीत अंतिम फेरी गाठणारी ती पहिली भारतीय स्त्री. पात्रता शर्यतीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंद असा तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम केला. आपण तिला 'माणदेशी एक्सप्रेस' म्हटले, दुष्काळाचे वर्णन केले आणि थांबलो. पाण्याचा अडथळा ओलांडताना पाऊल कुठे टेकवावे लागते, हे त्या विशेषणाने कुणालाही शिकवले नाही.

जगात इतरत्र स्त्रियांच्या अचूकतेचे वाचन कसे होते, हे पाहण्यासाठी अमेरिकेतल्या बास्केटबॉलचे उदाहरण घ्यावे. त्यातला 'फ्री थ्रो' तिरंदाजीचा जवळचा नातलग आहे. अंतर ठरलेले, समोर अडवणारा हात नाही, खेळ क्षणभर थांबलेला, आणि खेळाडू एकटी. २०१९ च्या मोसमात एलेना डेल डॉन हिने असे ११७ पैकी ११४ फेक यशस्वी केले. शिवाय मैदानी फेकींत ५० टक्क्यांवर, तीन गुणांच्या रेषेबाहेरून ४० टक्क्यांवर आणि फ्री थ्रोमध्ये ९० टक्क्यांवर अशी तिहेरी कामगिरी करणारी ती महिलांच्या व्यावसायिक लीगमधली पहिली खेळाडू ठरली. तेथे या तीन आकड्यांच्या जोडणीलाच नाव आहे आणि सामान्य प्रेक्षक ते वापरतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये सब्रिना आयोनेस्कू आणि स्टीफन करी यांच्यात तीन गुणांच्या फेकींची लढत झाली. पुरुषांच्या रेषेवरून फेक करूनही आयोनेस्कूने २६ गुण मिळवले. करीचे २९ झाले आणि ती हरली. पण त्याच संध्याकाळी पुरुषांच्या स्पर्धेचा विजेताही २६ गुणांवरच जिंकला होता. ही तुलना प्रेक्षकांना लगेच करता आली, कारण त्यांना आकडे वाचता येत होते. तिच्या पराभवाचे मोल त्यांना त्या वाचनामुळेच कळले.

आपल्याकडे पुण्याच्या शिरीन लिमये हिने भारतीय महिला बास्केटबॉल संघाचे कर्णधारपद भूषवले. तिच्या फेकींची टक्केवारी मराठी वाचकाला सांगावी, असे आपल्या लेखनव्यवहाराला सहसा वाटत नाही. 'मराठमोळी कर्णधार' म्हटले की आपले कर्तव्य संपते.

मराठी भाषेला धनुष्य अपरिचित आहे असेही म्हणता येत नाही. नेम, वेध, संधान, ठाण, भाता, प्रत्यंचा हे शब्द आपल्या बोलण्यात आणि पुराणकथांत आहेत. 'लक्ष' आणि 'लक्ष्य' ही तर एकाच मुळाची दोन रूपे. मात्र या कथांमध्ये धनुष्य पुरुषाच्या हाती असते आणि स्त्री बहुधा पणाला लागलेली असते. सांगलीत ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगमंचावर आणले, तेथून आपण मराठी रंगभूमीचा आरंभ मोजतो. त्या कथेचा सारा भार एका धनुष्यावर आहे. धनुष्य उचलणारा पुरुष, बक्षीस म्हणून उभी असलेली सीता, आणि त्या काळच्या रिवाजानुसार सीतेची भूमिकाही पुरुषपात्राकडेच. त्यानंतर १८० वर्षांनी शेजारच्या जिल्ह्यातली मुलगी स्वतः धनुष्य ताणून जगज्जेती झाली, तेव्हा आपली भाषा तिच्यासाठी 'लेक' या नात्याच्या शब्दापलीकडे जाऊ शकली नाही. सरकारने तिला २०२३ चा अर्जुन पुरस्कार दिला. एका तिरंदाज स्त्रीला मिळालेला सन्मानही एका तिरंदाज पुरुषाच्या नावाचा, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

या मांडणीवर एक गंभीर आक्षेप येईल आणि तो टाळणे योग्य होणार नाही. चरित्र बाजूला ठेवा म्हणणे म्हणजे परिस्थितीकडे डोळेझाक करणे नव्हे काय? जात, वर्ग, लिंग, गाव या साऱ्यांनी संधी ठरते. दलित आणि ग्रामीण साहित्याने मराठी समीक्षेला हेच तर शिकवले की, कृती पोकळीत जन्मत नाही. हा आक्षेप आम्हांला मान्य आहे. परिस्थितीची चिकित्सा व्हावी, असेच आमचेही म्हणणे आहे. पण प्रचलित कौतुकपर लेखनात चिकित्सा नसते. तेथे परिस्थिती दागिन्यासारखी वापरली जाते. उसाच्या शेतात सराव केला म्हणून विजय अधिक गोड, असे एकदा म्हटले की साताऱ्यातल्या मुलींना शेतात सराव का करावा लागतो, हा प्रश्न विचारण्याची गरजच उरत नाही. मैदानाचा अभाव हा व्यवस्थेचा दोष असतो, आणि आपण त्याची प्रेरणाकथा करून टाकतो. प्रशिक्षक प्रवीण सावंत यांच्या त्याच मैदानावर नागपूरच्या ओजस देवतळे यानेही सराव केला आणि बर्लिनमध्ये त्याच दिवशी पुरुषांचे विजेतेपद मिळवले. एका लहानशा जागेतून दोन जगज्जेते एका दिवशी घडतात, याचा अर्थ तेथे शिकवण्याची काही पद्धत आहे, सरावाचे काही शास्त्र आहे. त्याचा अभ्यास व्हायला हवा होता. आपण ऊस पाहिला.

दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. हालअपेष्टांची कथा एकदाच सांगता येते. पदक मिळाले, कथा पूर्ण झाली, वाचक पुढे गेला. त्यानंतर ती खेळाडू जिंकली काय किंवा हरली काय, तिच्याविषयी बोलण्यासारखे आपल्यापाशी काही राहत नाही. २०२४ मध्ये शांघायनंतर येचॉन आणि अंताल्या येथेही या तिघींच्या संघाने सुवर्ण जिंकले. सलग तीन विश्वचषक सुवर्णांची नोंद आपल्या बोलण्यात किती उमटली? उलट कृती वाचणाऱ्याला प्रत्येक सामना नवा असतो. आणि कथेत श्रेय वाटले जाते वडिलांना, प्रशिक्षकांना, मातीला. ते त्यांचे आहेच. पण २० सेकंदांच्या आत कळ दाबण्याचा निर्णय जिने पंधरा वेळा घेतला, तिच्या वाट्याला त्या कथेत 'जिद्द' हा एकच ढोबळ शब्द येतो. तिचे कौशल्य, तिची बुद्धी आणि तिचा संयम यांची नावे घेतली जात नाहीत.

आमच्या वर्गांत आज बसणाऱ्या मुली अदितीच्याच वयाच्या आहेत. त्यांच्यातल्या अनेकींच्या घरची गोष्टही कष्टाचीच आहे. आपण काय करू शकतो यापेक्षा आपण काय सोसले यावर आपली किंमत ठरते, असा धडा त्यांनी या लेखनातून घेतला तर तो त्यांचा दोष म्हणता येणार नाही. ही भाषा आपण घडवतो. निबंधाच्या वहीत, वक्तृत्वस्पर्धेच्या मंचावर, सत्काराच्या मानपत्रात आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत ती आपल्याच विद्यार्थ्यांच्या हातून लिहिली जाते. तेव्हा सुधारणेचा आरंभही आपल्यापासून व्हायला हरकत नाही. मानपत्रात 'लेक' या शब्दाबरोबर गुणफलक लिहावा. विद्यार्थ्यांना एका सामन्याचे १५ बाण क्रमाने देऊन त्यावर दोन पाने लिहायला सांगावे. धनुष्याच्या चाकाला, कळीला, दोरी सोडल्यानंतर स्थिर राहणाऱ्या हाताला मराठी नाव शोधावे. न सापडल्यास खेळाडूंचाच शब्द जसाच्या तसा घ्यावा. कुस्तीची परिभाषा कोणत्या कोशकाराने घडवली नव्हती, ती पाहणाऱ्यांनी घडवली.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये कंपाउंड तिरंदाजीचा मिश्र सांघिक प्रकार प्रथमच समाविष्ट होणार आहे, हा निर्णय एप्रिल २०२५ मध्ये जाहीर झाला. भारताकडून तेथे कोण उभे राहील हे निवड ठरवेल. तोवर १४९ म्हणजे चौदा दहा आणि एक नऊ, एवढे तरी मराठी वाचकाला पाठ असावे.